दारं की चौकटी

कारखान्यातून नमुन्याचं दार सकाळीच येऊन भिंतीला टेकलं होतं, आणि थोरल्यांनी त्याच्याकडे अजून पाहिलंही नव्हतं. पाहिलं नव्हतं म्हणजे, त्याच्यासमोरून ते लाकूड आणायला गेले, पाणी प्यायला गेले, एकदा तर नुसतेच गेले. पण मान म्हणून वळवली नाही. धाकट्यांनी मात्र दार आल्याआल्या पाहून घेतलं. बोटांनी टकटक केलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि आपल्या बाकापाशी जाऊन बसले. दार चांगलं होतं. तेच वाईट होतं.

हे सगळं चिमीने घडवून आणलेलं. थोरल्यांची ही एकुलती एक मुलगी. लहानपणी चिमणीएवढी होती म्हणून चिमी, आणि आता बांधकामवाल्यांशी तावातावाने बोलणारी बाई झाली तरी चिमीच. ऑर्डरी ती आणायची. या वेळी तिने आणलेली ऑर्डर एवढी मोठी होती, की एका आख्ख्या नव्या वसाहतीची दारं त्यात होती. आणि बांधकामवाल्याला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. सगळं काम घरात होणं शक्यच नव्हतं. काहीतरी बाहेर द्यायचं, एवढ्यावर घरात एकमत होतं. काय द्यायचं, यावर मागच्या बैठकीत चिमी सरळ म्हणाली होती, "दारं." आणि तिच्या काकू कपातला चहा तसाच टाकून उठून गेल्या होत्या.

कारण दारं म्हणजे धाकटे. या वर्कशॉपमध्ये चौकटी थोरल्यांच्या आणि दारं धाकट्यांची. लांबलचक शेडच्या या टोकाला थोरल्यांचं बाक, त्या टोकाला धाकट्यांचं, आणि बरोबर मध्ये काचेची केबिन. केबिनला दोन्हीकडे खिडक्या आणि आत दोघांची मधली बहीण. मुलं तिला आत्या म्हणायला लागली तेव्हापासून भाऊही तिला आत्याच म्हणत. हिशेब, पत्रं, टेलिफोन ही तिची कामं होतीच. पण खरं काम दोन खिडक्यांचं. भाऊ एकमेकांशी बोलत नसत. भांडतही नसत. एक जण या खिडकीत येऊन म्हणायचा, "त्याला सांग." मग आत्या खुर्ची गर्रकन फिरवून त्या खिडकीत सांगायची. थोरल्या वहिनी होत्या तोवर हे काम त्या करत. त्या गेल्या, आणि खुर्ची फिरवणं आत्याच्या वाट्याला आलं.

आज बैठक केबिनमध्येच भरली. पाच माणसांत खुर्ची फिरवायला जागा राहिली नाही, म्हणून आत्या मान फिरवत होती.

"आत्या, त्याला सांग," थोरले सुरू झाले, "की यात कुणाचा अपमान नाही. धंद्याचा प्रश्न आहे."

धाकटे त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते.

"दादा म्हणतोय अपमान नाही," आत्या म्हणाली.

"ऐकू आलं मला," धाकटे म्हणाले. "त्याला विचार, मी उद्यापासून काय करायचं? गेटवर बसून सलाम ठोकायचे?"

"काका, तसं नाही," चिमी घाईने मध्ये पडली. "त्यांच्याकडे प्रेस आहे. एका वेळी दारांची थप्पीच्या थप्पी दाबून निघते. आपण ती मशीन आणायची म्हटली तर शेड मोडून बांधावी लागेल. चौकटीचं तसं नाही, चौकट आपण इथे पटापट करू शकतो. तुम्ही आलेल्या दारांवर देखरेख करायची. फक्त तपासायचं."

"तपासायचं," धाकटे म्हणाले. त्यांनी तो शब्द परत उच्चारला एवढंच.

काकू इतका वेळ हाताची घडी घालून बसल्या होत्या. आज चहा संपवूनच बोलायचं असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं, कारण कप खाली ठेवल्याबरोबर त्या बोलल्या. "वन्सं, मी बाहेरची म्हणून बोलत नाही कधी. पण आज विचारते. बाहेर द्यायची वेळ आली की आमच्याकडचंच का दिसतं? भावजींच्या चौकटी नाही दिसत?"

"चौकट हे या वर्कशॉपचं नाव आहे," थोरले म्हणाले. काकूंशी ते सरळ बोलत; अबोला फक्त भावापुरता होता. "आपला शिक्का चौकटीवर असतो, दारावर नसतो. वडिलांनी पहिली केली ती चौकट. दार काय, कोणीही करतं."

धाकट्यांनी आत्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले आणि कारखान्याचा फिटर आला का ते बघायला बाहेर गेले. चिमीला वाटलं, काकूंसारखेच हेही निघून चालले. तिला काका आवडायचे. शाळेत असताना तिची लाकडी पट्टी मोडली की तीच पट्टी काका सांधून द्यायचे, सांधा कुठे ते कळायचं नाही. पण आवडणं वेगळं आणि वसाहतीची ऑर्डर वेगळी, असं तिने स्वतःला बजावलं होतं. हे बजावणं तिला रोज करावं लागे.

फिटर आला तो शीळ वाजवतच. हसतमुख माणूस, कमरेला हत्यारांचा पट्टा, दिवसभर अनोळखी घरांत दारं बसवून सगळ्यांशी सारख्याच आपुलकीने बोलायची सवय झालेला. ठरल्याप्रमाणे थोरल्यांची एक तयार चौकट मध्यभागी भिंतीला उभी करून घट्ट बांधली होती. ओळंबा लावून तिचे दोन्ही उभे खांब सरळ आहेत हे थोरल्यांनी स्वतः पाहिलं होतं. फिटरने बिजागऱ्या लावल्या, दार चढवलं, एक पाऊल मागे आला आणि बोटाने दार ढकललं.

दार गेलं, आणि बंद व्हायच्या जरासं आधी अडलं. वरचा कुलपाकडचा कोपरा चौकटीच्या माथ्याला लागला होता.

"बिजागरी नीट बसली नसेल," चिमी म्हणाली.

फिटरने बिजागऱ्या काढून पुन्हा लावल्या. दार पुन्हा अडलं. त्याने कोपऱ्याला खालून पाहिलं, वरून पाहिलं आणि शीळ बंद केली. "दुसरी चौकट आहे का?"

होत्या की. चौकटींना तिथे काय तोटा. दुसरी उभी केली, दार तिथेही त्याच कोपऱ्यात अडलं. तिसरीलाही तसंच.

"तुमचं दार वाकडं आहे," थोरले म्हणाले. ते आता पहिल्यांदा दाराकडे पाहत होते आणि पाहायला त्यांना काहीच त्रास होत नव्हता. "चिमे, बघ तुझा कारखाना. प्रेस म्हणे."

फिटर रागावला नाही. त्याने पट्ट्यातून काटकोन तपासायचा आपला गुण्या काढला, दाराच्या कोपऱ्यात लावला. काटकोन चोख होता. मग तोच गुण्या चौकटीच्या कोपऱ्यात लावला. लोखंडाच्या पट्टीखालून उजेडाची एक फट दिसली, एका टोकाला बारीक आणि दुसऱ्या टोकाला आगपेटीची काडी जाईल एवढी.

"चौकटीचा माथा उतरता आहे, साहेब."

"तुझा गुण्या बघ आधी," थोरले म्हणाले. ते आपल्या बाकाकडे गेले आणि खिळ्यावरून वडिलांचा गुण्या काढून घेऊन आले. मूठ काळ्या लाकडाची, तिला पितळी पत्रा, पट्टी जुन्या पोलादाची. त्यांनी तो चौकटीच्या कोपऱ्यात ठेवला. केसभरही फट नाही. "हे बघ. ही चौकट. आता तुझं दार." तो दारावर ठेवला. दार वाकडं.

फिटरचा गुण्या फिटरच्या बाजूने बोलत होता आणि थोरल्यांचा थोरल्यांच्या. वर्कशॉपमधली माणसं हातातली कामं तशीच धरून उभी राहिली. फिटर समजुतीने म्हणाला, "आमच्याकडे रोज शेकड्यांनी दारं निघतात, साहेब. मशीनला कुणाशी वैर नसतं. हां, जुन्या घरांचं काम असतं तिथे आम्ही हात जोडतो. भिंती खचलेल्या, एकेक चौकट निराळ्या तऱ्हेची, तिथे आमचं दार बसतच नाही. ती कामं आम्ही घेतच नाही. पण नवी चौकट अशी..."

चिमीने आत्याच्या टेबलावरची सुतळी आणली. हे तिला आजोबांनीच शिकवलेलं: चौकट खरी की खोटी बघायचं तर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सुतळी धर, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत तीच धर. दोन्हीकडे सारखी भरली तर चौकट खरी. तिने एकीकडे धरली, बोटाने खूण केली. दुसरीकडे धरली. खूण कोपऱ्यापर्यंत पोचलीच नाही. बोट मध्येच राहिलं. ती बोट दाबून उभी राहिली. आपण हे करायला नको होतं, असं तिला फार वाटलं.

थोरल्यांनी गुण्या छातीशी धरला आणि ते आपल्या टोकाला निघून गेले.

काकूंच्या डोक्यात गणित झटकन झालं. त्यांनी आत्याचा हात धरून तिला जवळजवळ केबिनमध्ये ओढलं. "बघितलंत ना वन्सं? आता बोला. वाकडं कुणाचं निघालं? बाहेर द्यायचंच असेल तर चौकटी द्या. हे दारं करतील. यांचं दार आजवर कधी अडल्याचं ऐकलंत?"

आत्याने मान हलवली. नव्हतं ऐकलं. आणि तिथेच तिला काहीतरी खटकलं. चौकटी वाकड्या होत्या तर इतकी वर्षं दारं बसली कशी?

तिला फार शोधावं लागलं नाही. वडील गेल्यावर हत्यारांची वाटणी झाली तो दिवस तिला लख्ख आठवत होता. पटाश्या झाल्या, करवती झाल्या, मोठा रंधा धाकट्याला गेला. राहिला गुण्या. थोरल्याने एका बाजूने धरला, धाकट्याने दुसऱ्या, आणि दोघं मोठे बापे लहान मुलांसारखे ओढत राहिले. मग तो निसटला आणि फरशीवर पडला. खणकन आवाज झाला. थोरल्याने उचलला, बाहीला पुसला, म्हणाला, "काही झालं नाही त्याला," आणि खिळ्याला अडकवला. अबोला तिथून सुरू झाला. गुण्या तेव्हाच काटकोनातून गेला असणार. आणि थोरल्याने तो पुन्हा कधी तपासला नसणार, कारण तपासायचा म्हणजे काहीतरी झालं होतं असं कबूल करायचं.

ती केबिनच्या पलीकडच्या खिडकीत गेली. धाकटे रंध्याचं पातं दगडावर घासत बसले होते, आज गरज नसताना.

"तुला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"काय?"

"चौकटी उतरत्या आहेत."

धाकट्यांनी पातं उजेडाकडे धरून धार पाहिली. माहीत होतं का, असं काय विचारायचं? वाटणीनंतर आलेली पहिलीच चौकट, दार लावून पाहिलं तर अडलं. त्या दिवशी त्यांना खात्री वाटली होती, की दादाने मुद्दाम केलंय. आपण जाऊन तक्रार करावी, मग त्याने म्हणावं, तुला दार जमत नाही, चौकटीला कशाला नावं ठेवतोस. तक्रार करायची तर बोलावं लागणार होतं, आणि आपण आधी बोलायचं नाही हे ठरलेलं होतं. त्यांनी दाराच्या माथ्यावर रंधा मारला, कुलपाकडे थोडा जास्त. दार बसलं. त्यांना वाटलं, दोन-चार दारं झाली की दादा विचारेल, हे माथे तू तिरके का काढतोस. दादाने विचारलं नाही. दादाला दिसत होतं ते एवढंच, की दारं बसतायत. मग राग कधीतरी विरून गेला आणि उतार तेवढा राहिला. दाराला जशी बिजागरीची खाच, तसा माथ्याला उतार. हात तो आपोआप काढायचा.

"लाकूड आहे," ते म्हणाले. "थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

"सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

"मी काय विचारणार? मी निरोप्या!" आत्या एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेवटचा शब्द शेडच्या दोन्ही टोकांना गेला.

तिकडच्या टोकाला थोरल्यांनी तो ऐकला, पण मान वर केली नाही. त्यांनी एक रंधा मारलेली सरळ फळी बाकावर घेतली होती. तिच्या कडेला गुण्या टेकवला आणि पेन्सिलने रेघ मारली. मग गुण्या उलटा केला आणि त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारली. गुण्या खरा असेल तर दुसरी रेघ पहिलीवर बसते. एका बिंदूतून निघालेल्या त्यांच्या दोन रेघा वर जाता जाता एकमेकींपासून लांब गेल्या. त्यांनी फळी पालथी घालून तेच पुन्हा केलं. पुन्हा तसंच. आपण काम शिकायला आलेल्या उमेदवारांना पहिल्या दिवशी हीच परीक्षा शिकवतो, हे त्यांना आठवलं. किती चौकटी केल्या असतील आपण. आणि एकाही घरातून तक्रार आली नाही. आली नाही म्हणून त्यांना वाटत आलं होतं, की आपला हात वडिलांसारखा आहे. ते स्टुलावर बसले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खालून त्यापेक्षा अवघड काहीतरी वर आलं: तक्रार का आली नाही, हे त्यांना समजलं होतं.

फिटरला चहा देऊन रवाना केलं आणि पाचही जण पुन्हा केबिनमध्ये बसले. बसण्याची जागा मात्र बदलली होती. काकू टेबलाच्या जवळ सरकल्या होत्या, आणि सकाळी वडिलांच्या शेजारी बसलेली चिमी दाराजवळ उभी होती.

"आता काही गुंतागुंतीचं राहिलं नाही," काकू म्हणाल्या. "चौकटी बाहेर द्याव्यात. चिमे, तूच म्हणाली होतीस, ज्याचं काम बाहेर जास्त चोख होतं त्याचं बाहेर द्यायचं."

चिमी म्हणाली होती. अगदी याच शब्दांत. काकांना लावायचं म्हणून केलेलं माप आता बाबांच्या अंगावर आलं होतं, आणि ते त्यांना बरोबर बसत होतं. तिने बाबांकडे पाहिलं. ते टेबलावरच्या कपाच्या ओल्या वर्तुळाकडे पाहत होते.

"आत्या, त्याला सांग," थोरले म्हणाले. "चौकटी दे म्हणावं बाहेर. माझी हरकत नाही. दारं त्याने करावीत."

आत्याने सवयीने मान वळवली. तोंडही उघडलं. मग मिटलं.

"नाही सांगत," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"सकाळपासून ऐकतेय, काय बाहेर द्यायचं, काय घरात ठेवायचं. तुम्ही दोघांनी सगळ्यात आधी काय बाहेर दिलंत, ते कुणाच्या लक्षातच नाही. बोलणं! बोलणं बाहेर दिलंत. आधी वहिनीकडे, मग माझ्याकडे. आणि मी ते घेत राहिले. तुम्हाला वाटतं मी निरोप जसेच्या तसे पोचवले? एकसुद्धा नाही. परवा दादा, तू काय म्हणालास? त्याला सांग, लाकूड काय त्याच्या बापाचं आहे का. मी सांगितलं, दादा म्हणतो लाकूड जरा जपून वापर."

"बापाचंच आहे की," धाकटे म्हणाले.

काकूंना हसू आलं आणि त्यांनी ते पदरात दाबलं. आत्या हसली नाही. तिचे डोळे भरले होते आणि त्याचा तिला रागही आला होता.

"आणि तू. तू म्हणालास, त्या हेकट माणसाला विचार चौकट कधी देणार. मी विचारलं, दादा, चौकट झाली का रे. रोज हेच. तासायचं, गुळगुळीत करायचं, मग पुढे द्यायचं. कंटाळले मी. तुम्ही काय बाहेर द्यायचं ते द्या, मी सही करते. पण हे काम मी आजपासून घेत नाही. मोठ्याने बोला नाहीतर शेड बंद करा."

ती खुर्चीत मागे टेकली. बाहेर कुणीतरी करवत चालू केली आणि लगेच बंद केली. केबिनच्या काचेतून सगळं दिसत होतं.

धाकट्यांनी हाताची बोटं मोडली. मग छताकडे पाहून, म्हणजे कुणाकडेच न पाहता, ते म्हणाले, "चौकटी बाहेर गेल्या तर माझी दारं कशात बसवू?"

"म्हणजे?" चिमीने विचारलं.

"त्यांची चौकट काटकोनात येणार. माझं दार काटकोनात आहे कुठे? माझा हात आता असाच चालतो. या चौकटी गेल्या तर माझंही दार गेलंच समज." ते छतावरून खाली आले आणि समोर पाहून म्हणाले, "चौकट वाईट नाही. चौकटीला भिंत धरून जन्मभर उभं राहायचं असतं, ते ती करते. लाकूड उत्तम, सांधे उत्तम. नुसती उतरती आहे."

एवढं मोठं भाषण त्यांनी भावाच्या कामाबद्दल कधी केलं नव्हतं. भावासमोर तर नाहीच. काकूंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की जिंकलेला डाव हा माणूस उधळून का टाकतोय. मग त्यांनी कप उचलले. त्यांना नवरा नवीन नव्हता.

चिमी विचार करत होती. "मग दोन्ही बाहेर देऊ," ती सावकाश म्हणाली. "वसाहतीची दारंही आणि चौकटीही. जोडीने. काटकोनातलं सगळं काटकोनवाल्यांकडे."

"आणि आम्ही दोघांनी?" थोरले म्हणाले. 'आम्ही दोघांनी' हे त्यांच्या तोंडून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही.

"तो फिटर काय म्हणाला ऐकलंत ना? जुन्या घरांना ते हात जोडतात. भिंती खचलेल्या, एकेक चौकट निराळी. ती कामं माझ्याकडे सारखी येतात आणि मी वेळ नाही म्हणून परत पाठवते. इथल्या दोघांना सोडून ती कुणाला जमणार? सरळ असेल ते बाहेर देऊ. वाकडं घरात ठेवू."

"आपल्याकडे तेच भरपूर आहे," आत्या म्हणाली.

थोरल्यांनी मनात हिशेब केला. मोठी ऑर्डर हातची जात नव्हती, पण त्या वसाहतीतल्या एकाही दाराला त्यांचा हात लागणार नव्हता, आणि यापुढे त्यांचं काम म्हणजे लोकांच्या जुन्या, फुगलेल्या, कुरकुरणाऱ्या दारांची दुरुस्ती. वडिलांनी उभ्या केलेल्या शेडचं हे असं व्हावं, हे त्यांना आवडलं नाही, आणि ते त्यांनी सांगितलं. "मला आवडलेलं नाही हे. पण दुसरं काही दिसत नाही. बाहेरून येईल त्या चौकटींवर आपला शिक्का मारायचा नाही. एवढं माझं ऐका."

"नाही मारणार," चिमी म्हणाली. तिने बांधकामवाल्याला फोन लावला आणि केबिनबाहेर जाऊन हो म्हणून सांगितलं.

आत्याने सही केली. पण ती उठली नाही. "जुन्या घरात चौकट आणि दार एकदम मापावं लागतं," ती म्हणाली. "एकाने धरायचं, दुसऱ्याने सांगायचं. मी काही शिडीवर चढून निरोप देणार नाही. आधी इथे करून दाखवा. या केबिनचं दार कधीपासून घासतंय. नवं करा."

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी नवा गुण्या आणवला. दुकानातून आलेला, चकचकीत, दोन रेघा मारून दोनदा तपासलेला. जुना त्यांनी खिळ्यावरच राहू दिला. नव्याने केलेली चौकट चिमीने सुतळी लावून पाहिली तेव्हा खूण बरोबर कोपऱ्यात येऊन बसली. धाकट्यांनी दार आणलं. दोघं चौकटीच्या दोन बाजूंना उभे राहिले, एवढ्या जवळ ते वाटणीच्या दिवसानंतर उभे राहिले नव्हते. एकाने दार पेललं, दुसऱ्याने बिजागऱ्या आवळल्या. अजून कुणी शब्द काढला नव्हता. आत्या काचेआडून पाहत होती आणि टेबलावरचा टेलिफोन वाजत असूनही उचलत नव्हती.

थोरल्यांनी बोटाने दार ढकललं. दार कुठेही न अडता गेलं आणि बंद झालं. फक्त माथ्याशी, कुलपाच्या बाजूला, एक लांब तिरकी फट राहिली. एका टोकाला बारीक, दुसऱ्या टोकाला आगपेटीची काडी जाईल एवढी. फटीतून केबिनमधला दिवा दिसत होता.

धाकट्यांचा चेहरा पडला. काटकोनातली चौकट समोर होती, माप खरं घेतलं होतं, आणि रंध्याने माथ्यावर तो उतार काढलाच होता. हात थांबलाच नव्हता. आता लाकूड परत चिकटवता येत नाही. वर्कशॉपमधली माणसं पाहत होती, काकू पाहत होत्या, आणि थोरल्यांना सांगायला मुबलक होतं. गेल्या काही दिवसांत त्यांनी बरंच ऐकून घेतलं होतं.

थोरल्यांनी फटीत बोट घालून पाहिलं. टोकापर्यंत फिरवलं. तो उतार कुठून आला आणि कुणासाठी काढला जात होता, हे आता त्या बोटालाही कळत होतं. त्यांनी केबिनकडे पाहिलं. आत्याने पाठ फिरवली.

"राहू दे, बाळ," ते म्हणाले. "दार नको बदलू. चौकटीचा माथा मी उतरवून घेतो." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "किती उतरवू?"

धाकट्यांच्या खिशात टेप होता. त्यांनी तो काढला नाही. अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणून त्यांनी हवेत थोडं अंतर धरलं आणि ते भावासमोर केलं.

"एवढं."

"एवढंच?"

"एवढंच, दादा. नेहमीएवढं."